फोन लागणार नाही, टपाल येत आहे

माझ्या भावाने पुण्याहून मला पाठवलेला पहिला ई-मेल कृष्णोजीअण्णांनी परत पाठवला. कारण पत्ता अपुरा होता. भावाने विषयाच्या ओळीत नुसतं ‘ताईला’ असं लिहिलं होतं. अण्णांनी त्याला उलट टपाली इंग्रजीत कळवलं, की या पत्त्यावर गल्लीतल्या बऱ्याच कुटुंबांचं टपाल येतं, त्यांत ताई म्हणता येईल अशा पुष्कळ बायका आहेत, तरी पूर्ण नाव, घर नंबर, क्रॉस रोड, मेन रोड आणि पिनकोड लिहून पत्र पुन्हा पाठवावं, तसदीबद्दल क्षमा असावी. भावाला वाटलं, हे उत्तर कॉम्प्युटरनेच आपोआप दिलंय. बंगळूर किती पुढे गेलंय याचं तो पुढे कित्येक दिवस पुण्यात कौतुक करत होता.

ही नव्वदचं दशक संपत आलेलं असतानाची गोष्ट. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. परदेशातल्या एका बँकेच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोन आकडी होतं, ते चार आकडी करायचं, एवढंच आमचं काम. याला तेव्हा भवितव्य म्हणत. ऑफिसात ई-मेल होता, पण तो बँकेशी बोलायला. घरचं पत्र त्यावर आलं तर मॅनेजर आधी वाचत आणि मग समज देत. म्हणून माझं खाजगी टपाल घरमालकांच्या पत्त्यावर यायचं. घरमालक म्हणजे कृष्णोजीअण्णा. यशवंतपूरला मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. वर मी एका खोलीत, खाली अण्णा आणि त्यांची बायको अक्का, आणि हवेत बारा महिने कांद्याचा वास.

अण्णांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. अण्णा हे अशा सुरात सांगत, की गाडी चुकली, आता पुढची मिळाली की निघायचंच आहे. त्यांची मराठी घरात मुरलेली होती आणि तिच्यात कन्नड मिसळलेलं होतं. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी पुण्याची म्हणून माझं नावच त्यांनी ‘पुणं’ करून टाकलं होतं. संध्याकाळी मी फाटक उघडलं की आतून आवाज यायचा, “काय पुणं, ऊट आयता?” जेवण झालं का, असं विचारायची ही तिथली रीत. सकाळी आठला विचारलं तरी चालतं आणि उत्तराची कुणी वाट बघत नाही.

अण्णा सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. झाले होते असं आपण म्हणायचं. अंगाने काटकुळे, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी शेवटचं बटण लावलेलं. त्यांच्या हातात कुठलाही कागद दिला, अगदी विजेचं बिल किंवा लग्नपत्रिका, तर ते आधी तो टेबलावर सरळ करत आणि उजव्या मुठीने त्यावर दोनदा ठोसा मारत. मग वाचत. शिक्का मारायची सवय हातात राहिली होती, शिक्का तेवढा खात्याकडे जमा झाला होता. माझ्या भाड्याच्या पाकिटालाही दर महिन्याला दोन ठोसे बसायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा मोहन कॅलिफोर्नियात होता. जाताना तो आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. सोबत एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फोनच्या तारेला जोडायचा मोडेम आणि एक ई-मेल पत्ता. आई-वडिलांनी आपल्याला रोज पत्र लिहावं एवढाच त्याचा हेतू होता. पण अण्णांच्या हातात टपालाचं साधन देणं म्हणजे निवृत्त हवालदाराच्या हातात पुन्हा शिट्टी देण्यासारखं होतं. पंधरवड्यात त्यांनी गल्लीभर फिरून सांगितलं, ज्यांची मुलं बाहेरगावी, परदेशी आहेत त्यांनी हा पत्ता द्यावा, टपाल घरपोच होईल. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे कॉम्प्युटर नव्हता. निम्म्या घरांत फोनही नव्हता, त्यांचे फोन अण्णांकडेच यायचे. तेव्हा वर्तमानपत्रांत बंगळूरला भारताची काय काय व्हॅली म्हणत. आमच्या गल्लीतून त्या व्हॅलीकडे जायचा रस्ता अण्णांच्या पुढच्या खोलीतून होता.

त्या खोलीच्या खिडकीला गज होते आणि ती थेट गल्लीत उघडायची. अण्णांनी कॉम्प्युटर बरोबर खिडकीपाशी ठेवला. टपाल काढायची वेळ सकाळी दहा आणि दुपारी चार. मधल्या वेळात मोहनचं स्वतःचं पत्र आलेलं असेल अशी खात्री असली तरी कॉम्प्युटरला हात लागत नसे. रविवारी बंद. सरकारी सुट्टीला बंद. गांधीजयंतीला मला एक पत्र तातडीने पाठवायचं होतं, म्हणून मी खाली गेले. अण्णा समोर मोकळेच बसले होते, शेंगा सोलत. मी म्हटलं, अण्णा, ई-मेलला कसली सुट्टी, तो यंत्रातून जातो. अण्णांनी शेंग सोलून दाणे वाटीत टाकले आणि म्हणाले, आगगाडीही यंत्रानेच जाते, म्हणून गार्डाला सुट्टी नको काय? मी दोन शेंगा खाऊन वर आले.

फोनची तार एकच. टपाल येत असताना फोन लागायचा नाही. म्हणून दहा वाजता अण्णा फाटकावर एक पाटी अडकवत. तिच्यावर कन्नड आणि इंग्रजीत लिहिलं होतं, फोन लागणार नाही, टपाल येत आहे. फोन करणारा माणूस दूरगावी असतो, त्याला ही पाटी कशी दिसणार, हे मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले की नियम लावणं आपलं काम, तो दिसणं हे ज्याचं त्याचं काम. मग ते कॉम्प्युटरसमोर बसत. मोडेम किंचाळायला लागला की स्वयंपाकघरातून अक्का ओरडून सांगत, आलं हो तुमचं मांजर.

टपाल आलं की अण्णांचं खरं कसब सुरू व्हायचं. ते फक्त विषयाची ओळ वाचत, कारण त्यांच्या लेखी तो पाकिटावरचा पत्ता होता. आतलं पत्र वाचायचं नाही. म्हणून पत्र उघडून छापायला सोडलं की ते मान वळवून भिंतीवरच्या व्यंकटरमणाच्या तसबिरीकडे बघत बसत. प्रिंटर करकरत राहायचा आणि अण्णा देवाकडे. कागद संपूर्ण बाहेर आला की तो उलटा धरून घडी घालायची, दोन ठोसे मारायचे, पायांत चपला सरकवायच्या आणि निघायचं. ज्याचं टपाल तो माणूस खिडकीबाहेर गजांना धरून उभा असला तरी त्याला तिथे ते मिळत नसे. त्याने आपल्या घरी जायचं, दारात उभं राहायचं, मग अण्णा येऊन देणार. पलीकडच्या शारदम्माला वाचता येत नव्हतं. तिच्या दुबईतल्या मुलाची पत्रं अण्णा तिच्या ओट्यावर उभे राहून वाचून दाखवत, पण बाजारभाव सांगावेत अशा आवाजात. आई, तुझी फार आठवण येते, रात्री झोप लागत नाही, हेही त्याच आवाजात. शारदम्मा रडायची, अण्णा थांबायचे, ती डोळे पुसायची, अण्णा पुढचं वाक्य घ्यायचे.

पुढे पुढे नको असलेली पत्रंही येऊ लागली. वजन घटवा, घरबसल्या लक्षाधीश व्हा, अशी. मी सांगितलं, ही टाकून द्यायची असतात. अण्णांना ते पटेना. दुसऱ्याचं टपाल फाडायचं म्हणजे काय? अख्ख्या नोकरीत त्यांनी एक पोस्टकार्ड फाडलं नव्हतं. म्हणून ते अशा प्रत्येक जाहिरातीला उत्तर द्यायचे, की वजन घटवू इच्छिणारी व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, तरी परत. या उत्तरांमुळे जाहिरातदारांना कळलं की यशवंतपुरात एक जिवंत माणूस आपली पत्रं वाचतो. पत्रं दुप्पट झाली. अण्णांची परतपावतीही दुप्पट झाली. अमेरिकेतल्या त्या मंडळींना एवढ्या इमानाने उत्तर देणारं गिऱ्हाईक जन्मात मिळालं नसेल.

मी त्यांना एकदा फुकट ई-मेलचीही माहिती दिली होती. गल्लीतल्या प्रत्येकाला आपला स्वतंत्र पत्ता घेता येईल, पैसे पडत नाहीत, सायबर कॅफेत जाऊन बघायचं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फुकट टपाल? म्हणजे तिकीट न लावलेलं. असलं पत्र हरवलं तर जबाबदार कोण?” मी वर निघून आले.

आता भाग्याबद्दल सांगायला हवं. अण्णांच्या समोरच्या घरात शिवण्णा राहत. ते पीण्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे आणि भाग्या त्यांची थोरली. धातुशास्त्र शिकली, पहिली आली आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. अर्जात ई-मेलचा पत्ता लिहायचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवता येत नव्हता. तिने अण्णांचा पत्ता लिहिला. विद्यापीठाने तिची तोंडी परीक्षा फोनवर घेतली, तीही अण्णांच्या पुढच्या खोलीत, पाटी लावून. मग त्यांचं एक पत्र आलं. निवड पुढच्या आठवड्यात ई-मेलने कळवू, कळवल्यापासून आठवड्याच्या आत होकार आला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. भाग्याने ते पत्र मला दाखवलं तेव्हा तिचा अंगठा त्या शेवटच्या ओळीवर होता. तिच्यासाठी एक मुलगा सांगून आलेला होता, तुमकूरचा, हार्डवेअरचं दुकान. शिवण्णांनी त्या लोकांना महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. पत्र आलं तर जर्मनी, नाही तर तुमकूर, इतकं ते सरळ होतं.

आणि त्याच आठवड्यात मोहनला मुलगी झाली.

फोनवर कळलं तेव्हा अक्का देवापुढे साखर ठेवून गल्लीभर वाटून आल्या. अण्णांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी विजेच्या बिलावर ठोसे मारले नाहीत, नुसतंच वाचलं. मोहन म्हणाला, नवा डिजिटल कॅमेरा घेतलाय, फोटो मेलने पाठवतो, दोन सेकंदांत मिळेल. दुसऱ्या दिवशी दहा वाजता अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. अक्का ठेवणीतली साडी नेसून, कुंकू लावून शेजारी. मलाही बोलावलं होतं, म्हणून मी ऑफिसला उशीर केला. मोडेम किंचाळला. पडद्यावर एक निळी पट्टी उगवली आणि मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तिचा तिसरा भाग भरला आणि लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा पट्टी पहिल्यापासून. अर्ध्यावर तुटली. अक्का साडी बदलून कामाला लागल्या.

चार वाजता तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मोहनला फोनवर सांगितलं तर त्याला वाटलं, पत्र वाटेत हरवलं. म्हणून त्याने फोटो पुन्हा पाठवला आणि या खेपेला मोठा पाठवला, नीट दिसावा म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्याचा तरी काय दोष? त्याच्या ऑफिसात खरंच दोन सेकंदांत जात होता. जगाच्या एका टोकाला नळाचं पाणी धो धो येतं, त्याला दुसऱ्या टोकाची करंगळीएवढी धार कशी कळावी? टेलिफोनवाल्यांकडे अण्णांनी तक्रार दिली. त्यांनी सांगितलं की तार जुनी आहे, बोलायला पुरेशी आहे, फोटोसाठी टाकलेली नाही.

आता खरी अडचण मला अण्णांना समजावून सांगावी लागली. ते यंत्र टपाल रांगेने घ्यायचं. पुढचं पत्र पूर्ण आत आल्याशिवाय मागचं हलत नाही. मोहनचे दोन फोटो रांगेत सगळ्यांत पुढे उभे होते आणि त्यांच्या मागे सगळ्या गल्लीचं टपाल अडकलं होतं. बोळात बैलगाडी रुतावी तसं. मागे किती पत्रं आहेत तो आकडा पडद्यावर दिसायचा आणि रोज वाढायचा. पुढच्या दोघांच्या विषयाच्या ओळी तेवढ्या दिसायच्या, मागची कुणाची आहेत ते दिसायचं नाही.

शारदम्माने दुबईचं काय म्हणून दोनदा विचारलं. भाग्याने काही विचारलं नाही. ती दहाला आणि चारला खिडकीबाहेर येऊन गजांना धरून उभी राहायची, पट्टी सरकताना बघायची, लाइन तुटली की घरी जायची. तिला सगळं कळत होतं. मी तिच्या जागी असते तर खिडकी फोडली असती.

मी अण्णांना म्हटलं, मोहनला माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवायला सांगा, तिथली लाइन वेगवान आहे, मी छापून आणते. अण्णांनी विचारलं, ऑफिसच्या टपालात घरचं टपाल चालतं का? मी म्हटलं, चालत नाही, पण एका फोटोने काय होतंय. तर म्हणाले, त्यांनी स्वतः कधी खात्याच्या डबीतला डिंक घरच्या पाकिटाला लावला नाही, घरून भात नेला, भाताने चिकटवलं. तेव्हा तुझी नोकरी आमच्या नातीसाठी धोक्यात घालायची नाही, विषय संपला. त्यांचा विषय संपला की संपायचा.

मग अण्णांनी आयुष्यात प्रथम स्वतःचा नियम मोडला. पहाटे पाचला लाइन मोकळी असते असं कुणी तरी सांगितलं, म्हणून ते पाचला बसले. ते सांगताना इतके खजील झाले होते, जणू दुसऱ्याच्या घरात शिरले होते. पट्टी त्या दिवशी पार शेवटापर्यंत गेली. बोटभर राहिली. अक्का म्हणाल्या, आलीच, आलीच. आणि वीज गेली.

अक्कांनी त्यानंतर देवापुढची साखर उचलून डब्यात ठेवली.

त्याच दिवशी दहा वाजता मी पुन्हा खाली आले. भाग्या खिडकीबाहेर होतीच. तिच्या मागे शिवण्णाही उभे होते. कामावर न जाता थांबलेला तो माणूस मी पहिल्यांदा बघत होते. अण्णांनी मोडेम लावला नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, पुढचं पत्र आत न घेता बाजूला ठेवता येतं का. मी म्हटलं, बाजूला ठेवता येत नाही. काढून टाकता येतं.

“काढून टाकलं म्हणजे फाडलं?”

“हो अण्णा. फाडलंच.”

“परत मागवता येतं?”

“मोहन पुन्हा पाठवेल. पण मग पुन्हा हेच होईल.”

अण्णा खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, त्यांना नियम आठवत असेल, आणि मी सांगणार होते की पत्र तुमचंच आहे, तुम्ही फाडलं तर कुणाचं काही जात नाही. पण त्यांची अडचण वेगळी होती. विषयाच्या ओळीत मोहनने दोघांची नावं लिहिली होती, आई आणि अण्णा, पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. त्याला बिचाऱ्याला वळण लागलं होतं. तेव्हा अर्धं टपाल अक्कांचं होतं. अण्णा उठून स्वयंपाकघरात गेले. आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि त्यांच्या मागून ओले हात पदराला पुसत अक्का आल्या.

“दोन्ही?” अक्कांनी मला विचारलं.

“दोन्ही काढावे लागतील.”

अक्का खिडकीकडे वळल्या. भाग्याने मान खाली घातली. मग अक्का अण्णांना म्हणाल्या, “सरी. करा.” बरं म्हणायचं तर त्या घरात सरी म्हणत.

मी बटण दाखवलं. दाबलं अण्णांनी. एकदा आणि मग दुसऱ्यांदा, एका बोटाने. दोन ओळी होत्या, त्या गेल्या, एवढंच. मला तेव्हा मोहनचा राग आला, त्याच्या कॅमेऱ्याचा आला, मी ज्या बँकेचे आकडे दोनाचे चार करत होते तिचाही आला. आणि यांतल्या कुणालाही जाऊन काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आणखी आला.

त्यानंतर टपाल भराभरा आत आलं. शारदम्माची तीन पत्रं. वजन घटवा. मला भावाचं एक. आणि भाग्याचं. विषयाच्या ओळीत तिचं नाव होतं, घर नंबर होता, क्रॉस, मेन, पिनकोड, सगळं जर्मन काटेकोरपणाने. अण्णांनी ते छापायला लावलं आणि मान वळवून देवाकडे बघत बसले. कागद बाहेर आला. उलटा धरून घडी घातली. दोन ठोसे मारले. मी म्हटलं, अण्णा, ती इथे खिडकीत उभी आहे, हात लांब केला तरी पोचेल. अण्णा म्हणाले, स्वल्प थांब की. भाग्या नि शिवण्णा पळतच आपल्या दारात गेले. अण्णांनी चपला घातल्या, फाटक उघडलं, गल्ली ओलांडली आणि त्यांच्या दारात जाऊन टपाल दिलं.

निवड झाली होती. होकार कळवायला एक दिवस उरला होता. तो अण्णांनी तेव्हाच पाठवला, दहाची वेळ उलटून गेली होती तरी. तुमकूरच्या मंडळींना शिवण्णांनी नम्रपणे नाही कळवलं. भाग्या पुढे जर्मनीला गेली, तिथेच प्राध्यापक झाली, असं मी नंतर ऐकलं. पण ते पुढचं. तेव्हा अजून तिची व्हिसाची, राहण्याची, तिकिटाची पत्रं विद्यापीठाकडून यायची होती. रोज एक तरी येईल असं त्यांनी लिहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने मला त्या बँकेच्या गावी पाठवलं. वर्षभराने परत आले तेव्हा घर विकून अण्णा-अक्का म्हैसूरला अक्कांच्या बहिणीपाशी राहायला गेले होते. त्यामुळे अण्णांना मी शेवटचं नीट पाहिलं ते मी निघण्याआधीच्या रविवारी सकाळी. मी निरोप घ्यायला खाली गेले होते. अक्कांनी इडल्या वाढल्या होत्या. टपालाला सुट्टी म्हणून कॉम्प्युटरवर फडकं टाकलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मोहनचा होता, दर रविवारी यायचा तसा. त्या फोनमधून आवाज खोलीभर ऐकू यायचा.

मोहनने विचारलं, अण्णा, फोटो मिळाला का आता तरी? नसेल तर सांगा, मी अजून ऑफिसातच आहे, आत्ता पुन्हा पाठवतो.

अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. समोर भाग्या ओट्यावर बसून जर्मन शब्द पाठ करत होती.

“मिळाला,” अण्णा म्हणाले.

“मिळाला? मग सांगत काय नाही? कशी आहे?”

अण्णांच्या हातातली इडली ताटात गेली. या माणसाला खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं, आणि कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यांना ते जमतही नव्हतं. कपाळावर घाम आला होता. पाठवू नको म्हणावं तर मुलाला वाईट वाटेल, आला नाही म्हणावं तर पाच मिनिटांत बैलगाडी पुन्हा बोळात. त्याच बाजारभावाच्या आवाजात ते म्हणाले, “छान आहे. नाक आपलं आहे.”

पलीकडे मोहन इतका खूश झाला की फोन घरघरायला लागला. म्हणाला, इथे सगळे म्हणतात नाक तिच्या आईचं.

“त्यांना काय कळतंय,” अण्णा म्हणाले आणि फोन अक्कांकडे दिला.

अक्कांनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, अरे, केस पुष्कळ आहेत रे, टोपी घालत जा, थंडी बाधेल. मोहन म्हणाला, हो ना, डॉक्टर पण म्हणाले एवढे केस कसे. मग त्याने विचारलं, आई, तू पाठवलेलं दुपटं ओळखलंस ना फोटोत? मुद्दाम त्याच्यातच गुंडाळून काढलाय.

अक्कांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ओळखलं,” त्या म्हणाल्या. “माझंच टाक्याचं काम, मला ओळखू येणार नाही?”

अक्कांनी फोन ठेवला. मी इडलीचा तुकडा चटणीत बुडवून तसाच धरून बसले होते. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये अशी इच्छा होती. पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण अक्का अण्णांवर चिडल्या होत्या.

“नाक तुमचं म्हणून कशाला सांगितलंत? पोरीच्या जातीला ते नाक बरं दिसेल काय?”

अण्णा म्हणाले, “घाईत दुसरं सुचेना.”

“माझं सांगायचं.”

“बरं, पुढच्या रविवारी हनुवटी तुझी म्हणून सांगतो.”

अक्कांनी विचार केला. हनुवटी त्यांना चालत होती. कपाळही आपलंच असणार, असं त्या म्हणाल्या, अण्णांनी कबूल केलं. कानांवरून जरा बोलाचाली झाली, तेव्हा एक कान तुझा, एक माझा, असं अण्णांनी मिटवलं. मग अक्कांनी त्यांच्या ताटात आणखी एक इडली वाढली.

“डोळ्यांचं मात्र काही सांगू नका,” त्या म्हणाल्या. “डोळे आपण बघू.”

“सरी,” अण्णा म्हणाले.